म्हस अर्ध्या तासात उठली, म्हणजे हाडं एवढ्यात भरली का?

करवीर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: "आमची मुऱ्हा म्हस तिसऱ्या वेताला व्याली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठेनाच. मान पोटाकडं वळवून बसलेली, कान गार, शेण बंद. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली आणि अर्ध्या तासात म्हस उभी. मी बी.एस्सी.ला आहे. कॅल्शियम हाडांसाठी असतं असंच शिकलोय. मग एवढ्यात हाडं भरली कशी? बाटली एवढी हळू का सोडली? आणि पुढच्या वेताआधीपासूनच भरपूर कॅल्शियम चारलं तर हे टळेल का?"

प्रश्न तीन दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: कॅल्शियम म्हणजे हाडात भरायचा माल. तो खोटा नाही, अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग पेशीच्या आत घडतो आणि तुमची म्हस पडली ती त्या भागामुळं. मी जनावरांचा डॉक्टर आहे, प्रयोगशाळेतला संशोधक नाही. त्यामुळं पेशीचं शास्त्र मी गोठ्यात दिसणाऱ्या लक्षणांवरूनच सांगणार.

आधी एक सावधगिरी. मी तुमची म्हस पाहिलेली नाही आणि व्याल्यावर बसलेली प्रत्येक म्हस कॅल्शियमची नसते. रेडकू मोठं असेल आणि ओढून काढावं लागलं असेल तर मांडीकडं जाणारी नस दबलेली असते. फॉस्फरस घसरला तर लघवी लाल-तपकिरी होते. कासेचा किंवा गर्भाशयाचा विषार अंगात भिनला तरी म्हस बसते, ओल्या फरशीवर घसरून खुब्याला मार बसला तरी बसते. अशा म्हशीला कॅल्शियमची बाटली लावली तर फायदा होत नाही, विषाराच्या म्हशीचं तर हृदयच दगा देऊ शकतं. तुमच्या वर्णनात मात्र गार कान, वळलेली मान, बंद शेण, वेत तिसरं आणि बाटलीला मिळालेला झटपट प्रतिसाद हे सगळं जुळतंय. तेव्हा दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून होणारा आजार, धरून पुढं जातो.

हिशेब बघा. मोठ्या जनावराच्या हाडांत काही किलो कॅल्शियम असतं. रक्तात फिरणारं मात्र सगळं मिळून तीनेक ग्रॅम. चिकात लिटरमागं दोन ग्रॅमच्या आसपास जातं, म्हणजे पाच लिटर चीक काढला की दहा ग्रॅम गेलं. रक्तात होतं त्याच्या तिपटीहून जास्त कासेनं एका दिवसात ओढून घेतलं. निरोगी म्हशीच्या १०० मिली रक्तात साधारण ९ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते साडेपाचच्या खाली उतरलं की जनावर बसायला लागतं. या सगळ्या वेळात हाडं भरलेलीच असतात. तुमच्या म्हशीची हाडं त्या सकाळी रिकामी नव्हती आणि अर्ध्या तासानं ती भरलीही नव्हती. बाटलीत आठेक ग्रॅम कॅल्शियम असतं. काही किलोंच्या साठ्यात त्यानं काय फरक पडणार?

फरक पडला तो रक्तातल्या त्या तीन ग्रॅमांत, आणि त्यातल्याही मोकळ्या फिरणाऱ्या निम्म्या भागात. बाकीचं बहुतेक प्रथिनांना चिकटलेलं असतं.

आता पेशीच्या आत शिरू. पेशीबाहेरच्या द्रवात मोकळं कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असतं. पेशीच्या आतल्या रसात, पेशी शांत असताना, ते सुमारे १०० नॅनोमोलर. म्हणजे आतल्यापेक्षा बाहेर दहा हजार पटीहून जास्त. सोडियमचाही आत-बाहेर फरक असतो, पण तो दहा-पंधरा पटींचा. कॅल्शियमला एवढं कसोशीनं बाहेर ठेवण्यामागं एक जुनं कारण आहे. पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार एटीपी या फॉस्फेट असलेल्या रेणूवर चालतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो. हाड म्हणजे मुख्यतः तोच साका. जे हाडाला हवं तेच पेशीच्या रसात झालं तर पेशी मरते. म्हणून प्रत्येक पेशी आवरणातल्या पंपांनी कॅल्शियम सतत बाहेर फेकते किंवा आतल्या एका पडद्याच्या पिशवीत कोंडून ठेवते, आणि त्यासाठी एटीपी खर्च करते.

एवढी काटेकोर सफाई ठेवल्यावर एक सोय आपोआप होते. भर पावसाळ्यात पंचगंगेत शंभर घागरी ओतल्या तरी कुणाला पत्ता लागत नाही, पण उन्हाळ्यातल्या कोरड्या ओढ्यात एकच घागर ओतली तरी ओल कुठवर गेली ते दिसतं. पेशीचा रस हा तो कोरडा ओढा. आवरणातली छिद्रं, म्हणजे चॅनेल, क्षणभर उघडली की आतलं कॅल्शियम दहा पटीनं वाढतं, आणि ही वाढ हाच पेशीसाठी हुकूम असतो. आकुंचन पाव, स्राव सोड, अमुक जनुक चालू कर. काम झालं की पंप पुन्हा सगळं उपसतात. कॅल्शियम यात खर्च होत नाही. ते येतं, एखाद्या प्रथिनाला धरून त्याचा आकार बदलतं आणि जातं. मॅग्नेशियम आकारानं लहान, अंगाभोवतीचं पाणी सहज न सोडणारं, त्याला ही पकड जमत नाही. कॅल्शियम पटकन बसतं, पटकन सुटतं. कॅलमोड्युलिन नावाचं १४८ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन जवळजवळ सगळ्या प्राण्यांच्या, वनस्पतींच्या पेशींत असतं. चार कॅल्शियम धरले की ते वळतं आणि दुसऱ्या प्रथिनांना जाऊन विळखा घालतं.

हे सगळं डोळ्यांना दिसलं ते बरंच उशिरा. १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा आणि सहकाऱ्यांनी एका जेलीफिशमधून एक्वोरिन हे प्रथिन वेगळं केलं. कॅल्शियम लागलं की ते निळसर चमकतं. पुढं १९८५ मध्ये रॉजर त्सियन यांच्या गटानं फ्युरा-२ हा रंग काढला आणि जिवंत पेशीत कॅल्शियम कधी, कुठं, किती चढतं ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजता यायला लागलं. तुमच्या कॉलेजात ही सोय नसेल तर हरकत नाही. पडलेली म्हस बारकाईनं पाहिली तरी बरंच कळतं.

कसं ते सांगतो. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो.

पायाचे स्नायू लुळे का पडतात? बहुतेकांना वाटतं, स्नायूला कॅल्शियम मिळत नाही म्हणून. तसं नाही. सांगाड्याला जोडलेल्या स्नायूंच्या पेशी आकुंचनाला लागणारं कॅल्शियम स्वतःच्या आतल्या पिशवीतून काढतात. तिचं पुस्तकी नाव सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. विजेचा इशारा आला की ती पिशवी उघडते, दर वेळी बाहेरून कॅल्शियम यावं लागत नाही. ही पिशवी तुमच्या म्हशीत भरलेलीच होती. अडचण एक पायरी अलीकडं होती. मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिनच्या, म्हणजे स्नायूला निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या, बारीक पुड्या तयार असतात. त्या फुटायला बाहेरचं कॅल्शियम टोकात शिरावं लागतं, तेही एक मिलिसेकंदाच्या आत. बाहेरच कमी असेल तर पुड्या कमी फुटतात. मेंदूकडून हुकूम निघतो, तंतूच्या टोकापर्यंत पोचतो आणि स्नायूला तो कळतच नाही.

हृदयाचं वेगळं. हृदयाच्या पेशीतही आतली पिशवी असते, पण ती उघडायला बाहेरून थोडं कॅल्शियम आत यावंच लागतं. ते थोडं आत आलं की पिशवीतलं पुष्कळ बाहेर पडतं. म्हणून दुग्धज्वरात ठोके जलद पण इतके क्षीण ऐकू येतात की स्टेथोस्कोप दोनदा सरकवावा लागतो. सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर हेच पाहिलं. नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात हृदय चालायचं आणि ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या द्रावणात थांबायचं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, एवढाच फरक.

पोट, आतडी, गर्भाशय, सडाच्या तोंडाचा वळसा हे सगळे मऊ स्नायू. त्यांची आतली पिशवी तुटपुंजी, बाहेरच्या कॅल्शियमवर भिस्त जास्त. म्हणून रवंथ थांबतो, शेण बंद होतं, वार अडकते, आणि सडाचं तोंड नीट न मिटल्यामुळं पुढच्या दिवसांत कासदाह होतो. नाकपुडीवरचं दव सुकतं, कारण त्या ग्रंथींचा स्रावही याच हुकमावर सुटतो. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटायला कॅल्शियम पेशीत शिरावं लागतं, म्हणून अशा जनावराच्या रक्तात साखर चढलेली सापडते. पांढऱ्या पेशींचंही असंच. व्यालेल्या गायींच्या पांढऱ्या पेशींत कॅल्शियमचा इशारा दुबळा पडतो, हे २००६ मध्ये मोजून दाखवलं गेलं. दुग्धज्वरातून उठलेली म्हस पुढं गर्भाशयाच्या आणि कासेच्या आजारांना का बळी पडते याचं हे एक कारण.

इथं एक हुशार विद्यार्थी अडवतो: "सर, कुत्रीला पिल्लं झाल्यावर कॅल्शियम कमी पडलं तर ती लुळी पडत नाही, उलट ताठरते, थरथर कापते. मग?" बरोबर आहे. कॅल्शियमचं पेशीबाहेरही एक काम आहे. ते तंतूच्या आवरणाला बाहेरून स्थिर ठेवतं. ते घटलं की सोडियमची छिद्रं थोड्याशा कारणानं उघडतात आणि तंतू उगाच हुकूम सोडत सुटतात. कुत्रीत तंतूपासून स्नायूपर्यंतचा सांधा तेवढ्या कॅल्शियमवरही काम करत राहतो, म्हणून झटके दिसतात. गायी-म्हशीत हा सांधाच आधी बंद पडतो, म्हणून लुळेपणा. म्हशीतही अगदी सुरुवातीला तासाभराचा थरथरीचा, बावचळल्यासारखा टप्पा असतो. पहाटे धारेला गेलेल्या माणसाच्या तो सहसा लक्षात येत नाही.

आता बाटली. रक्तात तीन ग्रॅमांची जागा, त्यातलंही निम्मं कमी झालेलं, आणि बाटलीत आठ ग्रॅम. ते भोवतालच्या द्रवात पसरायला वेळ द्यावा लागतो. दोन मिनिटांत सोडलं तर शिरेतून निघालेला घट्ट लोट थेट हृदयात जातो. तिथं प्रत्येक ठोक्याला आत आलेलं कॅल्शियम पुढच्या ठोक्याच्या आत उपसावं लागतं. बाहेर फार चढलं की पंपांना ते झेपत नाही, आतली पिशवी तुडुंब भरते आणि दोन ठोक्यांच्या मधेच आपोआप कॅल्शियम सोडते. मधेच एक अवेळी ठोका. मग आणखी एक. तिथून हृदय बंद पडायला वेळ लागत नाही. म्हणून बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करून, पंधरा-वीस मिनिटं घेऊन, एका हातानं स्टेथोस्कोप छातीवर धरून द्यायची. ठोके संथ आणि दणकट होत गेले तर हवंच आहे. अनियमित झाले की नळी तिथंच दाबायची. "डॉक्टर, जरा लवकर सोडा की, म्हस मरायला लागलीया" असं मालक म्हणतो, आणि त्याचं चुकतंय असंही म्हणवत नाही, पण हात ढिला सोडायचा नाही. गोठ्यात बाटली मिळते म्हणून पोरांनी घरी शीर शोधू नये, याचं कारण सुई टोचण्यात नाही, हे ठोके ऐकण्यात आहे.

बाटली चालू असताना बघत राहिलात तर पेशी कोणत्या क्रमानं जाग्या होतात ते दिसतं. ठोका भरतो. बरगडीमागं आणि मांडीला बारीक थरथर सुटते, म्हणजे तंतूंच्या टोकाशी पुड्या फुटायला लागल्या. नाकपुडीवर थेंब येतात. ढेकर येते. शेण पडतं. मग म्हस मागचे पाय सावरून उठते. तुमची अर्ध्या तासात उठली, काहींना दोन तास लागतात. कितीजणी लगेच उठतात हे बसल्यापासून किती वेळ गेला यावर अवलंबून. सहा-आठ तास कडक जमिनीवर एकाच कुशीवर पडलेल्या म्हशीचा पाय स्वतःच्याच वजनाखाली दबून खराब होतो. मग रक्तातलं कॅल्शियम ठीक होऊनही ती उठत नाही. डॉक्टर येईपर्यंत पोत्यांचा आधार देऊन तिला छातीवर बसती ठेवा, कूस बदला आणि तोंडातून काहीही पाजू नका. गिळण्याचे स्नायूही लुळे असतात, औषध फुफ्फुसात जातं.

कॅल्शियम तेच, मग एका पेशीत आकुंचन आणि दुसरीत स्राव कसा? पेशीत ते धरणारं प्रथिन कुठलं बसलंय, कॅल्शियम कुठं चढलं आणि किती वेळ टिकलं, यावर ते ठरतं. रसात ते फार लांब जाऊ शकत नाही, वाटेतली प्रथिनं धरून ठेवतात. त्यामुळं चॅनेलच्या तोंडाशी उसळी आणि चार पावलांवर शांतता, असं एकाच पेशीत असू शकतं. काही पेशींत ते एकदाच न चढता लाटांनी चढ-उतार करतं आणि लाटा किती वेगानं येतात यावरही हुकूम ठरतो.

कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात, तिथं उभं राहून पान्ह्याचा विचार करून बघा. रेडकाच्या तोंडाचा किंवा गवळ्याच्या हाताचा स्पर्श झाला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. ते कासेतल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशींना लागतं, त्यांच्या आत आयपी३ नावाचा रेणू बनतो, तो आतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो, पेशी आवळतात आणि दूध सडात उतरतं. आयपी३चं हे काम १९८३ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींत मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे म्हशीला पाडणारी धार आणि तिला उठवणारी बाटली, दोन्हीकडं कॅल्शियमचाच इशारा. जाता जाता: तुमच्या घरी कुणी रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेत असेल तर ती गोळी रक्तवाहिन्यांच्या मऊ स्नायूतलं कॅल्शियमचं चॅनेल अडवते. त्यावर कॅल्शियमची गोळी चालेल का, हे माणसांच्या डॉक्टरांना विचारा. माझं गिऱ्हाईक चार पायांचं.

तिसरा प्रश्न, आधीपासून भरपूर चारायचं का? व्यायच्या आधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तरी नाही. हे गवळ्यांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सतत मोजत असतात. त्यासाठीचा संवेदक १९९३ मध्ये सापडला, तोही गायीच्याच ग्रंथीतून. रक्तात कॅल्शियम घटलं की ग्रंथी संप्रेरक सोडतात, मूत्रपिंड कॅल्शियम राखायला लागतं, हाडातून ते सुटायला लागतं, आणि ड जीवनसत्त्व कामाला लागून आतडं जास्त शोषायला लागतं. या शेवटच्या पायरीला एक-दोन दिवस जातात. आटलेल्या म्हशीला तुम्ही आधीच मुबलक कॅल्शियम देत राहिलात तर ही सगळी यंत्रणा स्वस्थ बसते आणि चीक उतरतो त्या दिवशी ती जागी होईपर्यंत म्हस आडवी. त्यात लसूणघासासारखी पोटॅशियमनं भरलेली वैरण असेल तर रक्त अल्कधर्मी होतं आणि त्या संप्रेरकाला हाडं आणि मूत्रपिंड नीट दादच देत नाहीत. म्हणून काही ठिकाणी शेवटच्या आठवड्यांत आम्लधर्मी क्षार देतात, पण त्याचं प्रमाण वैरण बघूनच ठरवावं लागतं. ते मी इथं लिहिणार नाही. मॅग्नेशियम मात्र कमी पडू देऊ नका, त्याच्याविना संप्रेरकाचं काम अडतं.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला. गळीत हंगाम सुरू झाला की गोठ्यात दुसरं काही दिसत नाही, आणि बऱ्याच म्हशी त्याच सुमाराला व्यालेल्या असतात. वाड्यातलं ऑक्झॅलेट पोटातच कॅल्शियमला धरतं आणि ते शेणावाटे जातं. व्यालेल्या म्हशीला वाडं कमी करून दुसरी ओली-वाळली वैरण वाढवा. वाडं द्यायचंच तर कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून द्या. कॅल्शियम असलेलं खनिज मिश्रण व्याल्यापासून सुरू करा, आणि पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका, रेडकापुरतं आणि थोडं वर काढा. यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. एकदा पडलेल्या म्हशीच्या बाबतीत मी कास पूर्ण रिकामी न करण्याच्या बाजूनं आहे. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या श्मिट यांनी कासेत औषध भरायची पद्धत काढली आणि लवकरच नुसती हवा भरूनही म्हशी-गायी उठायला लागल्या. कारण कास ताणली की दूध बनणं मंदावतं आणि कॅल्शियम रक्तात राहतं. कॅल्शियमच कमी पडतं, हे ड्रायेर आणि ग्रेग यांनी मांडलं ते १९२५ मध्ये.

तुमची म्हस आता चालती-फिरती असली तरी पुढचे दोन दिवस डोळ्यांखाली ठेवा. बाटलीतलं कॅल्शियम काही तासांत कासेत आणि लघवीत निघून जातं, आणि तोवर आतड्यानं, हाडांनी वेग घेतला नसेल तर म्हस पुन्हा बसते. चारातल्या साधारण एकीला तरी असं होतं. कान पुन्हा गार लागले किंवा रवंथ थांबला तर ती बसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.